ओळ नाही तर चौकोन नाही

आप्पांच्या टेबलावर माऊस नव्हता. मालकांनी नवाकोरा आणून दिलेला, तो त्यांनी पहिल्याच दिवशी वायर गुंडाळून खणात ठेवला आणि खण लावून घेतला. कोणी विचारलं की म्हणायचे, "झोपलाय. उठवू नका." सगळे हसायचे. मला मात्र ते झोंबलं, कारण माझं पोट त्या माऊसवर होतं.

मी चित्रं काढायची. आमची कंपनी परभणीत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. खाली बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, वर आम्ही. कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. शेतकऱ्याची गाडी काट्यावर आली की वजन, ओलावा, भाव, मग हिशोबाची पट्टी, मग गोदाम. या सॉफ्टवेअरचा कोणता भाग कोणत्या भागाला काय विचारतो, कोण कोणाला काय देतो, ते चौकोन आणि बाण काढून दाखवायचं, म्हणजे नव्या माणसाला आणि गिऱ्हाइकाला सगळा कारभार एका नजरेत कळतो. हे काम माझं. माझ्या दारावर पाटी होती, 'आर्किटेक्ट'. लग्न करून पुण्याहून इथे आले तेव्हा मैत्रिणींनी हळहळ केली होती, आणि त्या हळहळीला माझं उत्तर म्हणजे ती पाटी होती.

चित्र मी मन लावून काढायची. चौकोनांचे कोपरे गोल, प्रत्येकाला हलकी सावली, कापसाशी संबंधित ते पांढरं, पैशाशी संबंधित ते हिरवं, बाण सगळे एका जाडीचे. मालकांना एक चित्र इतकं आवडलं की त्यांनी ते वाढदिवसाचे बॅनर छापणाऱ्याकडून फ्लेक्सवर छापून घेतलं आणि ऑफिसच्या भिंतीवर लावलं. गिऱ्हाईक आलं की आधी फ्लेक्स, मग चहा. मी उगाच त्या वेळी काहीतरी विचारायला बाहेर यायची.

आणि मग आप्पा आले. पन्नाशी उलटलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, पायात चपला आणि हैदराबादेत मोठ्या कंपन्यांतून बरीच वर्षं काढलेली. आई थकली म्हणून पिंगळीला घरी परतले होते आणि तिथून रोज रेल्वेने यायचे. गाडी उशिरा आली तर तिच्याबद्दल तक्रार नाही, लवकर आली तर कौतुक नाही. आल्यावर हात धुवायचे, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला ठेवायचे आणि लिहायला बसायचे. चित्र काढायला नाही, लिहायला.

त्यांची सगळी चित्रं साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असत. रंग नाही, आकार नाही, नुसत्या ओळी. आधी कोण, मग बाणाची खूण, मग कोणाकडे, आणि पुढे दोन ठिपके देऊन काय करतो ते.

काटा -> पट्टी : वजन सांगतो

अशा ओळी खाली खाली लिहीत जायचं आणि एक बटण दाबायचं. मशीन त्या ओळी वाचून आपल्या आपण चौकोन मांडतं, बाण जोडतं, आणि त्याच ओळींतून माहितीची पानंसुद्धा तयार करून देतं. ज्याच्यापासून बाण निघतो ते वर, ज्याच्यापाशी संपतो ते खाली. कोणाला कुठे बसवायचं हे आप्पांच्या हातात नसे आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. मला वाटायचं. कोणाला वर बसवायचं, कोणाला मोठा चौकोन द्यायचा, कोणाचं नाव जाड अक्षरात घालायचं, हा मानपान सांभाळणं हे तर माझं अर्धं कसब होतं. आणि त्यांचं चित्र दिसायला कसं? शाळेच्या वेळापत्रकासारखं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं. असल्या चित्राला कोण विचारणार, असं मी नवऱ्यालाही सांगितलं.

विचारायला लागले. ओलाव्याची कपात वेगळी दाखवायची असं ठरलं, तेव्हा माझ्या फ्लेक्सवर नवा चौकोन कुठून आणायचा? मी कागद कापला, त्यावर स्केचपेनने 'ओलावा' लिहिलं आणि फेव्हिकॉल शोधत फिरले. तेवढ्यात आप्पांनी एक ओळ वाढवली, बटण दाबलं, आणि त्यांचं चित्र, माहितीची पानं, सगळं नवं होऊन बसलं. ती कागदाची चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने फडफडत राहायची. जाता-येता माझी नजर तिच्यावर जायची आणि माझं डोकं फिरायचं.

बाणाबद्दल ते फार काटेकोर होते. शब्दाशिवाय बाण त्यांना सहन व्हायचा नाही. "नुसता बाण म्हंजे नुसतं बोट दाखवणं," ते म्हणायचे. "पुढं काय? मारायलाय का बोलवायलाय?" आणि लिहिलेली प्रत्येक ओळ ते मोठ्याने वाचत. एका दमात वाचून झाली नाही तर ओळ चुकली. ऑफिसात दुपारभर त्यांचं ते वाचन चालायचं, देवळातल्या पोथीसारखं. बरं, सांगायचं तर फोनवरही सांगता येई. लाईट गेली, नेट गेलं, तरी सेलूकडचं एखादं गिऱ्हाईक फोन लावून म्हणायचं, "आप्पा, आमची फाईल वाचा बरं," आणि आप्पा वाचायचे. माझं चित्र फोनवर कसं वाचणार? 'वर डावीकडे एक सुंदर हिरवा चौकोन आहे' असं सांगू?

भाषासुद्धा त्यांनी आपलीच ठेवली होती. 'हिशोब लय शहाणा हाय, पण काट्याला इचारल्याबिगर हालत न्हाई', असं कंपनीच्या अधिकृत माहितीत छापून यायचं. मी मालकांकडे जाऊन तक्रार केली की हे बरं दिसत नाही. मालक म्हणाले, मॅडम, पहिल्यांदाच कोणीतरी ते वाचायलंय.

माझ्या नवऱ्याचं खताचं दुकान आहे. मी काय काम करते हे त्याने कधी विचारलं नव्हतं. 'कंप्युटरचं' एवढ्यावर त्याचं भागत असे. एकदा मला न्यायला आला आणि मी आवरेपर्यंत आप्पांपाशी टेकला. घरी जाताना मोटारसायकल चालवत तो मला माझं काम समजावून सांगत होता. काटा कसा विचारतो, पट्टी कशी थांबते, सगळं बरोबर सांगत होता. मी मागे बसून पदराने तोंड झाकून घेतलं. त्याला वाटलं, ऊन लागलं.

एरवी आप्पा व्यवहाराला अगदीच वाकडे. पुतणीच्या लग्नाची सगळी तयारी त्यांनी अशीच ओळींत लिहिली आणि निघालेलं चित्र भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. मामा मांडव घालतो, धाकटा भाऊ आचाऱ्याला सामान देतो, जावई पेडगावच्या पाहुण्यांना उतरवून घेतो. चित्रात सगळे होते, फक्त त्यांची सख्खी आत्या नव्हती. आत्याने निरोप धाडला की ज्या लग्नात माझा चौकोन नाही त्या लग्नाला मी येत नाही. दुसरा कोणी असता तर पाया पडून मोकळा झाला असता. आप्पा तिच्या घरी जाऊन तिला पद्धत समजावून आले. "आत्या, मी तुला काढलं न्हाई. तुझ्यासाठी ओळ सापडली न्हाई. ओळ न्हाई तर चौकोन न्हाई." मग भावजयीने डोकं लावलं, 'आत्या नवरीची ओटी भरते' अशी ओळ घातली आणि चौकोन आला. आत्या आली, पण लग्नभर यांच्याशी बोलली नाही. हे सगळं डबा खाताना त्यांनीच सांगितलं, आणि यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मला सगळ्यात राग कशाचा यायचा सांगू? ते माझं कौतुक करायचे. फ्लेक्ससमोर उभे राहून म्हणायचे, "ताई, हात लय गोड हाय तुमचा. मशीनला ह्ये जमायचं न्हाई." मनापासून म्हणायचे. त्यात टोमणा असता तर मी टोमणा परत केला असता. हेवा असता तर मला रात्री चांगली झोप लागली असती. पण तिथे काहीच नव्हतं. मी ज्याच्यावर जळत होते त्या माणसाला मी आवडत होते. याच्याइतकं चीड आणणारं दुसरं काही नाही.

तो दिवाळीनंतरचा हंगाम होता. देवगाव फाट्याजवळच्या एका जिनिंगच्या शेठकडे मालक आम्हा दोघांनाही घेऊन गेले. मोठं गिऱ्हाईक होतं. आवारात कापसाचे ढीग, हवेत तंतू उडत होते, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. आप्पांनी आधीच्या फेरीत तिथल्या माणसांशी बोलून ओळी लिहिल्या होत्या. मी मात्र शेठसाठी वेगळा फ्लेक्स करून आणला होता आणि तो गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला होता. आप्पांचं चित्र पडद्यावर आलं आणि मी पाहतच राहिले. काटा वर, त्याखाली हमाल, पट्टी, गोदाम आणि अगदी तळाला, कोपऱ्यात, 'शेठ'.

मला आनंद लपवता येईना. मी पदर सावरल्यासारखं करून खाली पाहिलं.

"मी खाली कामून?" शेठने विचारलं. आवाज वर गेला नव्हता, पण त्यांच्या मुनीमाने चहाचा कप खाली ठेवला.

आप्पा म्हणाले, "मी ठिवलं न्हाई शेठ. मी ओळी लिवल्या. सगळे तुमाला सांगतेत. तुमी कुणाला काय सांगता म्हणून इचारलं, तर तुमीच म्हणालात, मी फक्त बघतो. ज्याच्यापशी सगळं येऊन थांबतं, त्याला मशीन खाली बसवतंय."

मालकांना घाम फुटला. मॅडमनी दुसरं बी आणलंय, असं म्हणत ते स्वतः धावत जाऊन फ्लेक्स घेऊन आले. दोघांनी धरून तो उलगडला. माझ्या चित्रात शेठ सगळ्यात वर, सोनेरी चौकटीत, आणि त्यांच्यापासून खाली सगळीकडे बाण, किरणं निघावीत तसे. शेठनी ते बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, "ह्यात मी वर बसून काय करायलोय?"

मी बाणांवर काहीच लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं काही नव्हतंच. मी म्हटलं, मार्गदर्शन. शेठ आप्पांकडे वळले आणि म्हणाले, "मला वर जायचं तर काय लिवावं लागंल?"

"लिवून भागायचं न्हाई, करावं लागंल," आप्पा म्हणाले. "सकाळचा भाव काट्याला कोण सांगतंय?"

"मुनीम."

"तुमी सांगा. मग तुमच्यापासून सुरू होतंय."

शेठ म्हणाले, "लिवा." आप्पांनी फाईलच्या डोक्यावर एक ओळ घातली, बटण दाबलं आणि शेठ तळातून उठून थेट वर जाऊन बसले. मुनीम हसला, मग शेठ हसले, मग मालक तर फारच हसले. त्या दिवसापासून शेठ रोज सकाळी स्वतः काट्यावर येऊन भाव सांगतात, कुरकुर करत का होईना. काम आम्हाला मिळालं. फ्लेक्स मात्र तिथेच राहिला, आणि पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो मुनीमाच्या मोटारसायकलवर दव पडू नये म्हणून घातलेला होता, सोनेरी चौकट सीटवर.

त्यानंतर ऑफिसातलाही फ्लेक्स उतरला. भिंत रंगवायची आहे असं मालक म्हणाले. भिंत रंगवली, फ्लेक्स परत लागला नाही. मला काम येईनासं झालं. प्रोग्रॅमर आप्पांना विचारत, गिऱ्हाइकं आप्पांना विचारत, आणि मी पाटीच्या आत बसून जुन्या चित्रांचे कोपरे गोल करत राहायची. मालक एकदा बोलता बोलता म्हणाले की एकाच कामाला दोन माणसं कंपनीला परवडत नाहीत. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

आणि अशात मालकांच्या मनात आलं की आपल्या ऑफिसचंसुद्धा असं चित्र असावं, कोण कोणाला काय विचारतं ते नव्या माणसाला कळेल. आप्पांनी दोन दिवस सगळ्यांशी बोलून ओळी लिहिल्या आणि शुक्रवारी दुपारी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. आम्ही मोजकीच माणसं. मालक, आप्पा, मी, दोघं प्रोग्रॅमर आणि फोन घेणारी मुलगी. चित्र आलं. मालक वर, ते गिऱ्हाईक आणतात. गिऱ्हाईक फोनवालीला अडचण सांगतं. फोनवाली आप्पांना विचारते. आप्पा प्रोग्रॅमरना ओळ वाचून दाखवतात. मी चित्रभर स्वतःला शोधलं. डावीकडे, उजवीकडे, तळाला. मी नव्हते.

फोनवाली मुलगी माझ्याकडे पाहायची थांबली. मालक टीव्हीकडेच पाहत होते, आणि त्यांना ते आधीच दिसलं आहे हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"मी कुठे आहे?" मी विचारलं.

आप्पा खुर्ची फिरवून माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर कसलीही खोट नव्हती. "ताई, मी तुमाला काढलं न्हाई. ओळ सापडंना. लय हुडकली. तुमीच सांगा, मी लिवतो. पण खरी सांगा."

मी काहीतरी चांगलं सांगायला तोंड उघडलं. 'मार्गदर्शन करते' जिभेवर आलंच होतं. मग मला सोनेरी चौकट असलेली ती मोटारसायकल आठवली आणि माझं डोकं सटकलं.

"लिहा," मी म्हटलं. "ताई आप्पांवर जळते."

आप्पांनी ओळ मोठ्याने वाचून पाहिली. एका दमात झाली. त्यांनी मान हलवली आणि टाईप केली.

ताई -> आप्पा : जळते

बटण दाबलं. माझ्याकडे कोणाचाच बाण येत नव्हता आणि माझ्यापासून एक निघत होता, तेव्हा मशीनने मला उचलून थेट वर नेलं आणि मालकांच्या शेजारी बसवलं. मालक मोठ्याने हसले आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही तर माझ्या बरोबरीला आलात. सगळ्यांना ती गंमत वाटली. सगळे चहाला उठले.

मी उठले नाही. आप्पांना विचारलं, "आणि तुमच्याकडून मला कोणती ओळ?"

त्यांनी खरोखर विचार केला. छताकडे पाहिलं, तांब्यातलं पाणी प्यायले. "सापडत न्हाई ताई," ते म्हणाले. "खोटी लिवता येत न्हाई मला."

पुढच्या महिन्यात मालकांनी काय ठरवलं असतं कोण जाणे. त्याआधी आप्पांनीच राजीनामा दिला. पुण्याच्या एका बड्या कंपनीने त्यांना घेतलं, तेही घरी बसून काम करायला. आता पिंगळीच्या ओसरीवर बसून, आईला वेळच्या वेळी औषध देत, ते पुण्याला ओळी पाठवतात. पुण्याला मी सोडून आले, आणि पुणं स्वतः चालत त्यांच्या ओसरीवर गेलं. माझी नोकरीसुद्धा राहिली ती ते गेले म्हणून. हेही त्यांनीच दिलं. निदान नोकरी तरी मला माझ्या हाताने वाचवू द्यायची होती.

जाताना त्यांनी खणातला माऊस काढून माझ्या टेबलावर ठेवला. "तुमच्याकडं बरा राहील," म्हणाले. तो अजून माझ्याकडे आहे. मी तो वापरते.

ते गेल्यावर मालकांनी सांगितलं, ऑफिसच्या फाईलमध्ये जिथं जिथं आप्पा आहे तिथं तुमचं नाव घाला, आता सगळं तुम्हीच बघणार. इतके महिने याच वाक्याची मी वाट पाहिली होती. मी फाईल उघडली आणि एका हुकमात सगळीकडे 'आप्पा' काढून 'ताई' घातलं. बटण दाबलं. मी मधोमध आले. सगळे बाण माझ्याकडे येत होते आणि माझ्यापासून जात होते. पाहत राहावं असं चित्र. फक्त एक बाण माझ्या चौकोनातून निघून, गोल वळसा घेऊन, परत माझ्याच चौकोनात शिरत होता. त्यावर लिहिलं होतं, 'जळते'.

मी एकटीच होते, आणि हसले. मग हसू थांबलं. हे सर्वात आधी आप्पांनी पाहायला हवं होतं आणि सर्वात आधी तेच म्हणाले असते की ओळ खोटी नाही, एवढं कळून मी पुन्हा जळायला लागले. ते पिंगळीला बसलेत तरी हे जळणं थांबत नाही.

ती एक ओळ पुसून टाकली असती तर काम झालं असतं. मी बोट त्या बटणावर ठेवलंसुद्धा. मग मी फक्त नाव पूर्वीचं केलं. 'ताई -> आप्पा : जळते.' मशीनने लगेच तळाला, कोपऱ्यात, एक चौकोन आणून बसवला. त्याच्यापासून काही निघत नव्हतं. त्याच्याकडे एकच बाण जात होता, माझा.

दुसऱ्या दिवशी मालक टीव्हीसमोर थांबले. चष्मा वर करून त्यांनी खालच्या कोपऱ्यात पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, आप्पा तर गेले. ह्ये इथं खाली काय करायलेत अजून?"

"काही नाही," मी म्हटलं. "फक्त बघायलेत."